मेसि म्हणजे मध: आसूदजवळच्या मधाच्या दुकानाबद्दल

दापोलीहून हर्णैला निघालं की आसूदच्या अलीकडे वळणावळणाचा उतार लागतो. त्या उतारावर एक चिऱ्याचं कौलारू घर आहे आणि त्याच्या पडवीत मधाचं दुकान. दुकानाला नाव नाही. फळीवर खडूनं 'घरचा मध मिळेल' एवढंच लिहिलेलं असतं, आणि मिरगाच्या पहिल्या सरीला तेही पुसून जातं. तीन वर्षं मी तिथूनच मध घेते. आजवर याबद्दल कधी लिहावंसं वाटलं नव्हतं. या मे महिन्यात वाटलं, त्याला कारण माझी लेक आणि तिने आणलेली एक बरणी.

लेक-जावई एस्टोनियात तार्तूला असतात, तिथल्या विद्यापीठात. १६३२ सालचं विद्यापीठ आहे ते. सुट्टीला येताना तिने नदीकाठच्या मंडईतून, दारात काशाचं भलंमोठं डुक्कर उभं आहे त्या मंडईतून, मधाची बरणी आणली. तो मध आपल्यासारखा वाहता नव्हता. थंडीत साजूक तूप थिजतं तसा पांढरट, घट्ट, चमच्यानं खरवडून घ्यावा लागणारा. बरणीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: मेसि.

मी विचारलं, "हे कंपनीचं नाव का गं?"

"नाही आई, मधालाच मेसि म्हणतात."

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलं. 'म' वरून 'मधु' आठवला, पण मनाला म्हटलं, उगाच ओढाताण नको. एस्टोनियन आणि फिनिश या आपल्या घराण्यातल्या भाषाच नव्हेत. मराठी, रशियन, इंग्रजी, फारसी या लांबच्या का होईना एका कुळातल्या. या दोघींचं कूळ निराळं, हंगेरियनशी नातं सांगणारं. एस्टोनियनमध्ये चौदा विभक्ती, फिनिशमध्ये पंधरा. एक अक्षर जुळलं म्हणून सोयरीक जुळत नाही, हे मीच मुलांना शिकवत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाला पोळीला लावायला तिने मध मागितला आणि सवयीनं एस्टोनियनमध्येच म्हणाली, "मेत्त." माझा हात बरणीवरच थांबला. मेसि म्हणायची ती मेत्त का म्हणाली?

तिने समजावलं. नुसतं नाव घ्यायचं तर मेसि. 'मधाचा' म्हणायचं तर मे, म्हणून मधाची बरणी म्हणजे मेपुर्क आणि मधाचा केक म्हणजे मेकोक. आणि 'थोडा मध' म्हणायचं तर मेत्त. फिनिशमध्ये याचीच रूपं मेसि, मेदेन, मेत्तॅ. आणि हे काही मधापुरतं नाही. पाण्याचं नि हाताचं तसंच. फिनिशमध्ये पाणी वेसि, पाण्याचं वेदेन. हात कॅसि, हाताचा कॅदेन.

आता हे मला परकं कसं वाटणार? आपलं सामान्यरूप म्हणजे दुसरं काय आहे? मासा म्हणतो, पण 'मासाला' म्हणत नाही, माशाला म्हणतो. घसा, पण घशाला. पैसा, पण पैशाला. प्रत्यय लागला की आतला 'स' बदलून 'श' होतो, आणि मराठी घरातलं चार वर्षांचं पोरही तो न शिकवता बदलतं. तिकडे तसाच 'त' बदलतो: पुढे 'इ' आली की त्याचा 'स' होतो. म्हणजे मेसि हा वरचा वेश आहे. मूळचा शब्द 'मेते'. तो 'त' मेत्तमध्ये अजून जागेवर आहे, आणि मेदेनमध्ये मऊ होऊन त्याचा 'द' झाला आहे.

मेते आणि मधु. आता मात्र ओढाताण वाटेना. संध्याकाळी लेकीनं तिच्या पुस्तकांतून सगळं काढून दाखवलं, आणि रात्री साडेअकरापर्यंत आम्ही मायलेकी ओटीवर बसून होतो.

शब्द उसना आहे. नातं कुळाचं नाही, शेजाराचं आहे. व्होल्गा आणि उरलच्या बाजूच्या जंगलांत फिनिश-एस्टोनियनच्या पूर्वजांची भाषा बोलली जायची, आणि त्याच्या दक्षिणेच्या गवताळ माळांवर ते लोक होते ज्यांच्या बोलीतून पुढे संस्कृत आणि इराणी भाषा निघाल्या. किमान चार हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या शेजारात मधाचा शब्द इकडून तिकडे गेला. हंगेरियनमध्ये तो मेज़ झाला. आपल्या कुळातल्या इतरांकडे तो वारशानंच आहे: रशियन म्योद, लिथुआनियन मेदुस, इंग्रजीत मधाच्या दारूला मीड. पूर्वेकडे तोखारी भाषेत तो मित झाला आणि तिथून चिनीत जाऊन मी. चिनी लोक आजही मधाला तोच शब्द वापरतात.

माझ्या मनात घर करून राहिला तो त्यातला 'ए'. आपण 'मधु' म्हणतो, 'म' मध्ये अ. पण संस्कृतच्याही आधी तिथे ऱ्हस्व ए होता, मेधु असा काहीसा उच्चार. पुढे आपल्या शाखेत ए, ओ, अ हे तिन्ही ऱ्हस्व स्वर मिसळून एकच 'अ' झाला. फिनिश-एस्टोनियनकडे हा शब्द गेला तो ती मिसळण होण्याआधी, म्हणून त्यांच्याकडे ए राहिला. याच्या उलट शंभरचा शब्द. लेक मंडईत शंभर ग्रॅम मागताना 'सादा' म्हणते. फिनिश लोक 'साता' म्हणतात. तो आपला शत, आणि त्यात अ आहे. म्हणजे तो मधाच्या मागून, अ होऊन गेल्यावर पोचला. आधी मध गेला, मग मोजणी गेली.

माहेरी बदलून गेलेली रीत लांब दिलेल्या लेकीच्या घरी जशीच्या तशी पाळलेली सापडावी, तसं झालं मला. वेदांतल्या उच्चाराहून जुना स्वर त्या पांढऱ्या बरणीवर छापलेला होता.

तर आता दुकान. लेकीला परत जाताना इथला मध न्यायचा होता, म्हणून आम्ही तिघं सकाळी दहाच्या सुमारास गेलो. घरामागे पोफळी-नारळाची वाडी उताराला धरून खाली पऱ्ह्यापर्यंत गेली आहे, आणि तिच्यात सातेरीच्या चाळीसेक पेट्या. सातेरी ही आपली गावठी मधमाशी, लहान, सावळी, पेटीत राहायला राजी होणारी. पेटीमागे वर्षाला पाच-सहा किलो मध निघतो असं दुकानदार सांगतात. कड्यावर नाहीतर उंच झाडावर एकच थोरलं पोळं लटकवणारी ती आग्या. तिचा मधही ते ठेवतात, पण स्वतः काढत नाहीत, डोंगरातल्या ओळखीच्या माणसांकडून घेतात. 'हा आमचा नाही' हे ते गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी सांगतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

चव बघायला ते नारळाच्या हिराची काडी देतात, दर मधाला नवी. आम्ही तीन चाखले. मिश्र फुलोऱ्याचा फिका सोनेरी, गोड, सरळ; चहाच्या काढ्यात आणि मुलांच्या पोळीला चांगला, पण त्याच्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. आग्याचा पातळ आणि उग्र. आणि तिसरा जांभळाचा.

जांभळाच्या मधासाठी इथे यावं. काडी उजेडात धरली तर रंग कोकमाच्या आगळाकडे झुकणारा, लालसर काळा. थेंब काडीवरून लगेच सुटत नाही. लांब तार धरतो, तार बारीक होत जाते आणि शेवटी वर ओढली जाऊन टोकाशी मणी होतो. जिभेवर आधी गोड, मग मागून एक कडसरपणा येतो, जांभूळ खाल्ल्यावर टाळूला येतो तसाच, आणि तो दोन मिनिटं तरी राहतो. वासात ओल्या सालीचा वास आहे. नातवानं तोंड वाकडं केलं आणि लगेच दुसरी काडी मागितली.

आम्ही तार्तूची बरणी बरोबर नेली होती, दुकानदारांना दाखवायला. त्यांनी ती उलटी केली. मध हलला नाही. त्यांना नवल वाटलं नाही. "मोहरीच्या जातीच्या फुलांचा असणार, बाई. तो लवकर बसतो," म्हणाले. झाकण उघडून बघेपर्यंत लेकीनं सांगितलं की त्यात खरंच तेलबियांच्या पिवळ्या फुलांचा मध जास्त आहे, थोडा लिंडनचा. मधात द्राक्षशर्करा जितकी जास्त तितका तो लवकर थिजतो, आणि तिकडची थंड हवा त्याला पोषक. आपल्याकडच्या उष्म्यात तो वाहता राहतो. थिजलेला मध म्हणजे साखर घातलेला असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं आणि लोक बरण्या परत करतात. कोमट पाण्यात बरणी ठेवली की तो सुटतो, चुलीवर ठेवायचा नाही. पाण्यात थेंब टाकून किंवा वात पेटवून केलेली परीक्षाही भरवशाची नाही. हे त्यांनी स्वतःचा मध विकायला बसलेले असताना सांगितलं.

मग मी त्यांना शब्दाची गोष्ट सांगितली. वर्गात सांगायचे तशीच, उभं राहून. मेसि, मेत्त, मधु, मध. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि माशीला काय म्हणतात ते?"

माझ्या लेकीला या प्रश्नानं इतका आनंद झाला की तिने नातवाला खाली ठेवलं. एस्टोनियनमध्ये मधमाशी म्हणजे मेसिलाने. शेवटचं 'लाने' म्हणजे तिथला, त्यातला. तार्तूत राहणारा तो तार्तलाने, म्हणजे आपला तार्तूकर. मेसिलाने म्हणजे मधकर! संस्कृतात भुंग्याला आणि मधमाशीला मधुकर म्हणतात, तिथला 'कर' करणारा या अर्थी आहे आणि दापोलीकरातला वेगळा, हे मला कळतं. तरी पडवीत उभं राहून तो शब्द ऐकताना अंगावर शहारा आला.

फिनिशमध्ये मात्र मधमाशी म्हणजे मेहिलॅइनेन. हा शब्द मेसिपासून आलेला नाही. याच्या मुळाशी 'मेक्शे' आहे, आणि तोही उसनाच. व्होल्गाकाठचे एर्झ्या लोक, भाषेनं फिनिश लोकांचे नातेवाईक, ते आजही मधमाशीला 'मेक्श' म्हणतात. संस्कृतातली मक्षिका. तिची प्राकृतात मच्छिआ झाली आणि आपल्याकडे माशी.

"म्हणजे आमची माशीच की," दुकानदार म्हणाले, आणि वाडीकडे बघत राहिले. मग आत जाऊन वहिनींना बाहेर बोलावून घेतलं आणि सगळं पुन्हा सांगायला लावलं. मध आणि माशी, दोन्ही शब्द जोडीनं गेले. एर्झ्या भाषेत मधाला 'मेद्य' म्हणतात; मेद्य आणि मेक्श शेजारी ठेवले की आपली मधमाशीच समोर येते.

वहिनींना मी आणखी एक सांगितलं, कारण त्यांच्या कामाचं होतं. फिनलंडमध्ये गेलात तर दुकानात मेसि मागू नका. तिथे मेसि म्हणजे फुलातला मधुरस; बाटलीतल्या मधाला हुनाया म्हणतात, आणि तो शब्द जर्मन बाजूनं आला आहे, इंग्रजी हनीचा सख्खा. मेसि एस्टोनियात मागायचा. आणि फिनिश लोक जंगलात अस्वलाचं नाव घेत नसत, त्याला 'मेसिकॅम्मेन' म्हणत, मधाच्या पंजाचं. वहिनींनी लगेच मान हलवली. रात्री सापाला आपणही जनावरच म्हणतो.

आता तक्रारी, कारण त्याही खऱ्या आहेत.

गेल्या जुलैत इथला एक मध माझ्याकडे फसफसला. झाकण फिरवताच सोड्यासारखा आवाज आला, वर फेस, चवीला आंबूस. मी तो तसाच परत नेला. त्यांनी वाद घातला नाही, दुसरा दिला आणि चूक कुठे झाली ते सांगितलं: पोळ्याची घरं मेणानं पूर्ण बंद व्हायच्या आत त्या वेळी मध काढला गेला होता. माशी मधातलं पाणी पंखांनी वाळवते आणि मग वर मेणाचं झाकण घालते. घाईनं काढला तर पाणी जास्त राहतं आणि तो आंबतो. युरोपात साधारण वीस टक्क्यांच्या वर पाणी चालत नाही. आपल्या सातेरीच्या मधात मुळातच पाणी अधिक, त्यात आपली पावसाळी हवा. यंदाच्या बरणीला दोन महिने होत आले, अजून काही नाही. पण पावसाळा पुरता सरेपर्यंत मी निर्धास्त नाही, आणि घेणाऱ्यानंही मोठी बरणी न घेता अर्ध्या किलोची घ्यावी.

दुसरं म्हणजे झाकणं. बरणी चांगली, मध चांगला आणि झाकण पातळ पत्र्याचं. आडवी ठेवली की पाझरते. दापोलीपर्यंतच्या वीस मिनिटांत माझी पिशवी चिकट झाली होती. लेकीच्या बरण्यांना आम्ही घरी मेणबत्तीच्या मेणानं कडा बंद केल्या आणि चिकटपट्टी लावली. याला इलाज आहे आणि तो स्वस्त आहे. दरवेळी सांगूनही ते करत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

तिसरं, लेबलावर तारीख नाही. कुठल्या महिन्यात काढला, कुठल्या फुलोऱ्याचा, हे तोंडी सांगतात आणि खरं सांगतात, पण चार महिन्यांनी फडताळात तीन बरण्या असल्या की कोण लक्षात ठेवणार?

एका गोष्टीसाठी मात्र या दुकानाचं नाव मी चार ठिकाणी घेते. भिंतीवर वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं आहे: 'एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये.' नातू झाला तेव्हा मी सोन्याची अंगठी आणि इथल्या मधाची लहान बाटली घेऊन तार्तूला गेले होते. आमच्याकडे बाळाला अंगठीनं मध चाटवतात. माझ्या लेकीला चाटवला, मला चाटवला. तिथल्या नर्सनं शांतपणे पण ठाम नाही म्हटलं. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते काही करत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. उकळूनही हे बीजाणू मरत नाहीत. त्या दिवशी मला रडू आलं होतं. बाटली वर्षभर कपाटात राहिली आणि पहिल्या वाढदिवसाला त्याच अंगठीनं मी त्याला मध दिला. आपला माल विकणाऱ्यानं तो कुणाला देऊ नये हे स्वतः लिहून लावावं, हे मी दुसऱ्या कुठल्याही मधाच्या दुकानात पाहिलेलं नाही.

भाव: मिश्र फुलोऱ्याचा अर्धा किलो साडेतीनशे, जांभळाचा साडेचारशे. जांभळाचा मध एप्रिलअखेर ते मे यातच ताजा मिळतो आणि जूनपर्यंत संपतो. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. मोबाइलनं पैसे देता येतात, पण उतारावर रेंज धरेलच असं नाही, रोख जवळ ठेवा. मेणाच्या वड्याही मिळतात. टाचांच्या भेगांना तेलात वितळवून लावायला मी नेते.

निघताना दुकानदारांनी लेकीच्या दोन्ही बरण्यांच्या झाकणावर काळ्या पेनानं लिहिलं: 'मेसि. जांभूळ.' तिने खाली रोमन अक्षरांतही लिहून घेतलं, विमानतळावर कुणी विचारलं तर म्हणून. बाहेरून युरोपात जाताना माणशी दोन किलोपर्यंत मध नेता येतो, पण मोठ्या बॅगेतूनच.

परवा तिचा फोन आला. बरण्या शाबूत पोचल्या. एक तिने शेजारच्या आजींना दिली. आजींनी चमचा चाटला, डोळे मिटले आणि विचारलं, हा कुठल्या झाडाचा? त्या झाडाला तिथे शब्द नाही. लेकीनं झाकणावरच्या रोमन अक्षरांवर बोट ठेवलं. एस्टोनियनमध्ये ज चं अक्षर य असं वाचतात. आजी चष्मा लावून दोनदा सावकाश म्हणाल्या, "याम्बुल. याम्बुल-मेसि."